गट नंबर ११०

आमच्या देव्हाऱ्यात भवानी आणि जोतिबाचे टाक आहेत, एक बाळकृष्ण आहे, आणि इंग्लंडचा बादशहा पंचम जॉर्ज आहे. हा शेवटचा सभासद मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं खंडोबा समजून पुजत होतो. मीच काय, माझे वडील पुजत होते, आजी पुजत होती. भंडाऱ्याची इतकी पुटं चढलेली की त्याखाली देव आहे का राजा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दाढी होती, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी होतं. खंडोबा म्हणायला आणखी काय लागतं?

परवाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव घासायचं काम माझ्याकडे आलं. मला घासकाम नीट जमत नाही, म्हणजे कुठे थांबायचं ते कळत नाही. चिंच लावून घासता घासता खंडोबाचं नाक वर आलं, मग खांद्यावरचा भरजरी झगा वर आला, आणि मग कडेने इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. जॉर्ज पाचवा, किंग एम्परर.

आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढची, गावी असते, आणि आमच्या घराण्याचा इतिहास हे तिचं खातं आहे.

"आत्या, आपला खंडोबा म्हणजे पंचम जॉर्ज आहे."

"काही बोलू नकोस. आबा स्वतःच्या हाताने ठेवायचे तो देवात."

"त्यावर इंग्रजीत नाव आहे गं."

"मग? राज्य इंग्रजांचं होतं, नाव इंग्रजीतच असणार."

आबा म्हणजे माझे पणजोबा, आत्याचे आजोबा. ते जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, बसऱ्याला जाऊन आले होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. तेवढंच ठाऊक. पलटणीत ते शिपाई होते, पण परत आल्यावर गावाने त्यांना परस्पर हवालदार केलं, आणि ते वारले तोवर सुभेदारापर्यंत बढती दिली होती. बाकी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, ती म्हणजे टांग्याची. आबा टांग्यात बसत नसत. स्टँडवर टांग्याचा घोडा दिसला की चपला काढून त्याला हात जोडत आणि पुढे चार मैल चालत घरी येत. टांगेवाले हसायचे. आजी सांगायची, घोडा हे खंडोबाचं वाहन, आपलं कुळ पालीच्या खंडोबाचं, म्हणून. घरात कुणी जास्तच देवभोळेपणा केला की त्याला "आबांचा घोडा" म्हणायची पद्धत अजून आहे.

तर नाणं. मी ते उलटं केलं. रुपयाच्या मागच्या बाजूला वेलबुट्टी असते, मध्ये 'वन रुपी इंडिया' आणि साल असतं. इथे ती अख्खी बाजू दगडावर घासून तळहातासारखी गुळगुळीत केली होती, आणि तिच्यावर टोकदार खिळ्याने ठिपके ठोकून काहीतरी लिहिलं होतं. मध्यभागी ११०. त्याच्या खाली दोन अक्षरं. आणि कडेला तीन कोपऱ्यांत तीन अक्षरं, तिवईच्या पायांसारखी. अक्षरं मोडी.

शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये होता. म्हणजे या माणसाने जवळजवळ तीन दिवसांचा पगार दगडावर घासून काढला होता. आमच्या घराण्यात पैशाशी इतका बेफिकीर कुणी झाला असेल, यावर माझा चटकन विश्वास बसेना.

पहिल्यांदा मी जुन्या बाजारात गेलो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो तो. एका नाणीवाल्यापुढे रुपया ठेवला. त्याने भिंग डोळ्याला लावलं, राजाच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट छातीवर गेला.

"हत्ती आहे," तो खिन्नपणे म्हणाला.

मला वाटलं, आनंदाची गोष्ट. तर नव्हती. त्याने जे सांगितलं ते नंतर मी पडताळूनही पाहिलं. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला तेव्हा राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक इवलासा हत्ती होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके जाडे केले की लोकांना ते डुक्कर दिसलं. आरडाओरडा झाला. नाणी मागे घेतली, जी बाहेर गेलीच नव्हती ती वितळवली, आणि पुढच्या वर्षी सोंड आणि कान नीट काढलेला हत्ती आला. मूळचे जे थोडे रुपये लोकांच्या हाती राहिले त्यांना आजही बाजारात 'पिग रुपी' म्हणतात आणि चढा भाव देतात.

"डुक्कर असतं तर बोललो असतो," नाणीवाला म्हणाला. "हत्ती असेल तर साल बघायला लागतं. आणि साल तर तुमच्या मालकाने घासून टाकलंय. वर हे खरवडलंय. खराब माल. चांदीच्या वजनाने घेतो."

देव्हाऱ्यात डुक्कर निघालं नाही म्हणून हळहळणारा त्या दिवशी महाराष्ट्रात मी एकटाच असेन.

मोडी वाचून घ्यायला हवं होतं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, गावी असतो. तो म्हणाला, तालुक्याला कचेरीबाहेर एक जण बसतात, जुने मोडी कागद वाचून देतात, त्यांच्याकडे जाऊ. मी फोटो पाठवला. इथेच चुकलं. फोटो पाठवायला नको होता, आणि पाठवला तर दादाला नको होता.

त्या गृहस्थांनी आयुष्यभर खरेदीखतं, गहाणखतं आणि वाटणीपत्रं वाचलेली. चाळीस वर्षं कुणी त्यांच्यापुढे प्रेमपत्र ठेवलेलं नाही. त्यांनी रुपया वाचला तो असा: "गट नंबर ११०. खाली 'कु. त.', म्हणजे कुळ तपशील. कडेची अक्षरं, प. वाडा. पश्चिमेचा वाडा."

आता आमच्या भावकीची मांडणी समजून घ्यायला हवी. गावात आमचा वाडा आहे. त्याची पूर्व बाजू आमच्याकडे, पश्चिम बाजू पलीकडच्या घराकडे, आणि मधोमध एक भिंत, जिच्यावरून दोन पिढ्यांनी एकमेकांच्या लग्नाचं जेवण सोडलेलं आहे. अशा घरात 'प. वाडा' असं लिहिलेला चांदीचा पुरावा सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत काडी टाकणं. तिन्हीसांजेपर्यंत मला सात फोन आले. पलीकडच्या घरातल्या एका काकांनी, ज्यांनी माझ्या मुंजीपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं, प्रेमाने विचारलं, "काय रे, तब्येत कशी आहे? आणि ते नाणं काय म्हणतं?"

मी सगळ्यांना सांगून पाहिलं की अहो, लढाईची आठवण आहे ती. पण आपल्याकडे कुणी जुन्या वस्तूबद्दल चौकशी करायला लागला की ऐकणाऱ्याच्या कानात एकच शब्द शिरतो: वाटणी. तुम्ही विचारा, "आबा कसे होते?" उत्तर येतं, "आम्हाला काही दिलं नाही त्यांनी."

त्यातच मोती निघाले. आत्यापाशी कुणीतरी विषय काढला की आबा बसऱ्याहून आले म्हणजे बसऱ्याचे मोती आणले असणार. नथीत बसरा मोतीच असावा लागतो, हे ज्यांना ठाऊक ते आबांना सोडतील कसे? बसऱ्याचा मोती बसऱ्यात पिकत नाही, तो खाडीच्या समुद्रातला, बसऱ्याच्या व्यापाऱ्यांकडून येणारा, आणि अकरा रुपयेवाल्या शिपायाला तो परवडता ना, हे मी सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या धाकट्या चुलतआजीच्या नथीकडे मी कधीपासून बघत होते." ती चुलतआजी जाऊन तीस वर्षं झाली.

दादा तर कामालाच लागला. त्याने गट नंबर ११० चा सातबारा काढला. तीन दिवस त्याचा फोन नाही. चौथ्या दिवशी मी लावला.

"काय झालं रे दादा? निघालं का काही?"

"निघालं," दादा म्हणाला. "स्मशान आहे ते. गावचं."

तिथे आपला वाटा आहेच, पण सगळ्यांचा सारखा. आणखी एक गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती ती नंतर सुचली. गट नंबर आले जमिनींच्या एकत्रीकरणानंतर, त्याचा कायदा १९४७ चा. त्याआधी सर्व्हे नंबर असत. कुळकायदा १९४८ चा. लढाईत बसलेल्या माणसाने इतकी पुढची तरतूद करून ठेवली असेल तर तो शिपाई नव्हता, मामलेदार होता.

इतका गोंधळ झाल्यावर ११० चा उलगडा अगदी सहज झाला, आणि तोही बागेत. सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत, मराठा रेजिमेंटचे. त्यांना मी सहज रुपया दाखवला. त्यांनी तो हातावर घेतला, आधी ताठ उभे राहिले आणि मग पाहिलं.

"पलटणीचा नंबर आहे हा. जुना. एकशे दहावी मराठा लाइट इन्फंट्री."

मग त्यांनी बाकावर बसून मला पलटणींची वंशावळ सांगितली, आणि ती ऐकताना कळलं की माणसंच नाही, पलटणीसुद्धा आडनावं बदलतात. १९२२ साली फौजेची फेररचना झाली तेव्हा जुने नंबर गेले आणि ११० वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. स्वातंत्र्यानंतर हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. म्हणजे आज बेळगावला मराठा रेजिमेंटच्या घरी जाऊन ११० वी कुठे आहे असं विचारलं तर पलटण हयात आहे, पण त्या घरात त्या नावाने नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं माहेरचं नाव विचारावं तसं.

"आणि खालची दोन अक्षरं?"

"मला मोडी येत नाही. पण ११० वी जर बसऱ्याकडे असेल तर," ते थोडं थांबले, "तर कुत असणार."

कुत. कुत-अल-अमारा. पुस्तकं आणून वाचली तेव्हा पहिला धक्का हा बसला की बसऱ्याकडे जी फौज गेली तिचं नावच 'सिक्स्थ पूना डिव्हिजन'. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. सेनापती मेजर जनरल टाऊनशेंड. बगदाद घ्यायला निघाले, टेसिफोनला अडले आणि मागे फिरून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत नावाच्या गावात शिरले. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. जवळजवळ पाच महिने.

त्या वेढ्यातल्या हकिकती वाचताना हसावं का काय करावं कळत नाही. विमानातून धान्य टाकून वेढ्यातल्या फौजेला जगवायचा प्रयत्न इथे झाला. त्यातली बरीच पोती थेट नदीत पडली. आत सातू होता पण दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांनी वर आकाशाकडे बघितलं असेल आणि त्यांना घरचं जातं खाली येताना दिसलं असेल. तुर्कांना पैसे देऊन फौज सोडवावी म्हणून दहा लाख पौंडांची बोली लावली, मग वीस लाखांची. ही बोली करायला गेलेल्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला लॉरेन्स होता. तुर्कांनी नाही म्हटलं. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. टाऊनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी अदबीने इंग्रजांकडे परत पाठवला. बाकीचे वाळवंटातून चालवले गेले. पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. हजारो माणसं परत आली नाहीत.

कुत्रा परत आला त्याची नोंद आहे. मी पणजोबांची नोंद शोधायला बसलो. युद्धात मेलेल्यांची यादी मिळते, पण पणजोबांनी तो गुन्हा केलेला नव्हता, ते जिवंत परत आले होते. आणि मेले असते तरी फार फरक पडला नसता. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे फक्त आकडे लिहिले: अमुक पलटणीचे अमुक इतके. ते स्मारकसुद्धा १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून दूर वाळवंटात नेऊन ठेवलं. शिवाय ज्यांची नावं लिहिली त्यांचीही इंग्रज कारकुनाने काय दशा केली असेल! पवार हे आडनाव पोवार, पुवार आणि पोआर अशा तीन तऱ्हांनी शोधावं लागतं, तर पणजोबांचं काय सांगू?

पदक तर असेल, असं सुभेदार साहेब म्हणाले. त्या लढाईचं चांदीचं पदक, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं कोरलेलं असतं. तेवढं मिळालं की काम झालं. मी आत्याला फोन केला.

"गोल, चांदीचं, रिबिनीचं," मी म्हणालो. "कुठे गेलं असेल?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली.

"एका साली जोडवी केली आईने," ती म्हणाली. "तेव्हा चांदी फार महाग झाली होती."

म्हणजे सरकारने नाव, नंबर, हुद्दा कोरून दिलेलं पदक आजीच्या पायाच्या बोटांत जन्मभर स्वयंपाकघरातून वावरलं, आणि माणसाने खिळ्याने ठोकून खराब केलेला रुपया देव म्हणून सुरक्षित राहिला. चांदी म्हणून दोन्हींत फारसा फरक नव्हता. देवावर हात टाकायची आजीची हिंमत झाली नाही, एवढंच.

राहिली कडेची तीन अक्षरं. तोवर त्यांची तीन वाचनं माझ्यापाशी जमली होती. पहिलं 'प. वाडा'. दुसरं एका शाहिरीप्रेमी गुरुजींचं, 'पोवाडा'. "मराठा शिपाई कोरणार तर हेच कोरणार," ते छाती ठोकून म्हणाले. तिसरं, एका सेवानिवृत्त इंजिनीअरांचं, 'फावडा'. मोडीत कानामात्रा अक्षरातच मिसळलेल्या असतात, इथे त्या ठिपक्यांनी ठोकलेल्या, वर शंभर वर्षं चंदनाने घासलेल्या. ज्याला जे हवं ते त्यात सापडायचं.

शेवटी मोडी शिकणारी एक कॉलेजची मुलगी भेटली. तिने रुपया घेतला आणि वाचायच्या आधी बोटाने फिरवला.

"काका, तुम्ही सगळे हे डावीकडून फिरताय. गोल लिहिलंय ना, मग घड्याळासारखं फिरवून वाचा. पा. ड. वा."

पाडवा.

मी घरी येऊन जुनं पंचांग काढलं. १९१६ चा गुढीपाडवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होता. वेढ्याचा शेवटचा महिना. तोवर शिधा माणशी काही औंसांवर आला होता, आणि तोफा ओढणारे घोडे, खेचरं मारून खाणं चालू होतं. आधी हिंदी शिपाई ते मांस खायला तयार नव्हते. मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या तारा मागवल्या गेल्या, की अडचणीच्या वेळी चालतं. तरी पुष्कळांनी हट्टाने खाल्लं नाही. शेवटी शेवटी खाल्लं.

हे वाचलं त्या रात्री मी आत्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला. घोड्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "चपला काढायचे रे ते. टांग्याच्या घोड्यापुढे. रस्त्यात, उन्हात. आम्ही पोरी हसायचो." आणि मग म्हणाली, "फोन ठेव आता, दूध आणायचंय."

या पाडव्याला आत्या पुण्याला आली होती. गुढी उभारून झाली, मग ती देव्हाऱ्यापुढे बसली. रुपया ताम्हनात घेतला, धुतला, पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच पालथा करून ठेवला. राजा खाली, ठिपके वर. कडुनिंबाची चटणी त्याच्यापुढे ठेवली.

"राजाचं काय?" मी विचारलं.

"राहू दे त्याला तांदळात. शंभर वर्षं खाल्लंय त्याने फुकटचं."

तेवढ्यात दादाचा फोन आला. पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, आत्याच्या पाया पडलो म्हणून सांगायला सांगितलं. मग जरा आवाज खाली करून म्हणाला, "ते कुतचं सगळं कळलं मला. वाईट वाटलं. पण मला एक सांग, सुटल्यावर परत येताना ते बसऱ्यावरूनच आले असतील ना?"